पाणी नेमकं किती खाली? सी-प्लेनचे उतरतानाचे अपघात आणि ‘पायलटची चूक’

खाडीकाठ (ऐरोली)

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी एक क्लिप टाकली. शांत पाणी, ऊन पडलेलं, पायांत होडक्यांसारखे दोन फ्लोट लावलेलं छोटं विमान अलगद खाली येतंय. कसला वारा नाही की हिसका नाही. पाण्याला टेकलं आणि टेकताक्षणी नाकावर उलटं झालं. दोन सेकंदांत पोट वर. खाली लगेच शेरे सुरू: “नवशिका दिसतोय”, “झोपला होता का?”, “घेतलेली असणार.”

माझा भाचा मालदीवमध्ये ट्विन ऑटर नावाच्या सी-प्लेनवर सहवैमानिक आहे. तो चार दिवस आमच्याकडे आला होता, म्हणून त्याला दाखवली. त्याने दोनदा पाहिली आणि म्हणाला, “मामा, विमान सोडा. फ्लोटच्या खाली बघा.” तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा दिसली. चाकं! ज्या सी-प्लेनला पाणी आणि धावपट्टी दोन्ही चालतात, त्यांच्या फ्लोटमधून चाकं बाहेर काढता येतात. धावपट्टीवर ती खाली हवीत, पाण्यावर वर. चाकं खाली राहून पाण्यात गेलात तर पाणी त्यांना धरून ठेवतं. हवेपेक्षा पाणी सुमारे आठशे पट घन. पाय धरले जातात आणि अंग पुढे जातं. उलट चूक झाली, म्हणजे चाकं वर ठेवून धावपट्टीवर उतरलात, तर फ्लोटचं बूड खरवडतं, बिल येतं आणि माणसं चालत घरी जातात.

पण त्याला स्वतःला धाक आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याच्या विमानाला चाकंच नाहीत. तो म्हणाला, “मला भीती गुळगुळीत पाण्याची.” मला पटेना. गुळगुळीत पाणी म्हणजे सोय, असंच आपण धरून चालतो. तेव्हा तो मला खाली घेऊन गेला. मी सोसायटीचा सेक्रेटरी, टाकीची किल्ली माझ्याकडेच. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडलं, मोबाईलचा टॉर्च मारला. “पाणी किती खाली आहे?” मी म्हटलं, पाच-सहा फूट, रात्री टँकर आला नव्हता. त्याने कुंडीतला एक खडा उचलून सोडला. माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी आधी डुबुक झालं आणि तरंग उठले. पाणी दीड फुटावर होतं. मी इतका वेळ टाकीचा तळ बघत होतो.

“आता हीच टाकी दोन किलोमीटर रुंद समजा,” तो म्हणाला, “आणि तुम्ही ताशी शंभरच्या वेगाने तिच्यावरून चाललाय.”

तेव्हापासून ‘पायलटची चूक’ हे शब्द डोक्यात फिरतायत. अपघाताच्या बातमीत हे दोन शब्द आले की आपण पुढे वाचत नाही. चूक पायलटची हे कबूल. पण ती नेमकी कुठे झाली, पाणी लागलं तेव्हा, की त्याच्या बरंच आधी? इथे जाणकार आहेत, लिहा.

तांबडी_माती (डोंबिवली)

काका, टाकीचा किस्सा एक नंबर. बाकी मला यात गूढ काही दिसत नाही. चाकं वर घ्यायला विसरला. एवढं एकच काम होतं.

रुळावरचा (कोपरी, ठाणे पूर्व)

२९ वर्षं लोकल चालवली. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हाताखाली माणसं घेऊन जाणाऱ्याला ‘विसरलो’ म्हणायची मुभा नाही. आमच्याकडे लाल सिग्नल ओलांडला की चौकशी, गाडीवरून खाली, घरी बसा. ऊन डोळ्यावर होतं, झोप झाली नव्हती, पोरगं आजारी होतं, कारणं सगळ्यांकडे असतात. कारणं ऐकत बसलं की शिस्त जाते. चूक ती चूक.

अर्धवट_वैमानिक (खारघर)

सेसना १७२ या छोट्या विमानावर चाळीसेक तास केले, मग पैसे संपले. तेव्हा नाव सार्थ आहे. 😀 सी-प्लेन चालवलेलं नाही, पण वाचन बरंच आहे.

तांबडी_माती, ‘एकच काम’ तेवढं सोपं नाही. साध्या विमानात उत्तर एकच असतं: उतरताना चाकं खाली. हाताला, डोळ्याला, सगळ्या अंगाला तीच सवय लागते. उभयचर विमानात दोन्ही उत्तरं बरोबर आणि दोन्ही चूक. खाली पाणी आहे की डांबर, त्यावर ठरणार. २०१४ साली जुहू ते पवना धरण सी-प्लेन सुरू झालं होतं, आठवतंय? फार टिकलं नाही ते. त्यात सेसना होतं, उभयचर. म्हणजे जुहूला चाकं खाली, उड्डाणानंतर वर, पवनेत वरच. परतताना पुन्हा खाली. आता समजा, जुहूहून निघाल्या निघाल्या रेडिओवर कुणी काही विचारलं आणि चाकं वर घेण्याची पायरी निसटली. विमान थोडं जड चालतं एवढंच, काही अडत नाही. चूक तिथे झाली. तिची पावती वीस-पंचवीस मिनिटांनी धरणात मिळते.

म्हणूनच अशा विमानांत बोलणारी यंत्रणा बसवतात. वेग कमी झाला की ती सांगते, चाकं वर आहेत, पाण्यासाठी. किंवा चाकं खाली आहेत, धावपट्टीसाठी. बऱ्याच विमानांत पाण्याला निळे दिवे, जमिनीला हिरवे.

तांबडी_माती (डोंबिवली)

मग यंत्र बोलत असताना उलटतात कसे?

अर्धवट_वैमानिक (खारघर)

कारण ते दर वेळी बोलतं. बरोबर असलं तरी बोलतं. खाली काय आहे हे त्याला कळत नाही, ते फक्त चाकांची खबर देतं. ताडून बघायचं काम माणसाचंच. आणि पाचशेव्यांदा ऐकताना कान ते वाक्य ऐकतच नाही. आपल्या स्टेशनवर ‘रेल्वे लाइन ओलांडू नका’ किती वर्षं ऐकतोय आपण?

रुळावरचा (कोपरी, ठाणे पूर्व)

हे मात्र खरं लिहिलंत. एक कबुली देतो. मुंबईच्या लोकलला ‘ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम’ आहे. सिग्नल पिवळा असला की कॅबमध्ये इशारा वाजतो, मोटरमनने बटण दाबून ‘कळलं’ म्हणायचं. नाही दाबलं, किंवा दाबूनही वेग कमी केला नाही, तर गाडी स्वतः ब्रेक घेते. बरेच दिवस काम केलं की अंगठा वाजायच्या आधीच बटणावर गेलेला असतो. अंगठ्याला कळलेलं असतं, डोक्याला कळलंय की नाही ते त्या दिवसावर. लांब पल्ल्याच्या गाड्यांवर लोको पायलट आणि सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना ओरडून सांगतात, ते याचसाठी. लोकलच्या कॅबमध्ये आम्ही एकटे.

तरी माझं मत तेच.

ऋता_घोडबंदर (ठाणे)

रुळावरचे काका, वाद घालत नाही, फक्त विचारते. चूक ती चूक, शिस्त लावली की झालं, असं असतं तर रेल्वेने ती ब्रेक मारणारी यंत्रणा बसवलीच का? मोटरमनला ओरडून भागलं असतं ना?

रुळावरचा (कोपरी, ठाणे पूर्व)

बाई, तुम्ही वकील आहात का?

ऋता_घोडबंदर (ठाणे)

नर्स. आयसीयूत. आमच्याकडेही इंजेक्शनच्या दोन बाटल्या एकसारख्या दिसल्या की एक दिवस कुणीतरी चुकतंच. मेमो त्या एकीला मिळतो. बाटल्या त्याच कप्प्यात शेजारी शेजारी राहतात, पुढच्या पाळीची वाट बघत.

तांबडी_माती (डोंबिवली)

थांबा, मी ‘सगळी यंत्रणेचीच चूक’ या टोकालाही जाणार नाही. सिडनीचं उदाहरण घ्या. ३१ डिसेंबर २०१७. बीव्हर जातीचं सी-प्लेन, पायलटसकट सहा जण, सहाही गेले. हॉक्सबरी नदीजवळ जेरुसलेम बे नावाची खाडी आहे, पुढे बंद. ठरलेल्या वाटेवर ती नव्हतीच. पायलट अनुभवी, तरी आत शिरला, जागा नाही म्हणून खालच्या उंचीवर गरकन वळवलं आणि कोसळलं. चाकं नाहीत, गुळगुळीत पाणी नाही. ही शंभर टक्के पायलटची चूक. (उड्डाणानंतरचा अपघात आहे, उतरतानाचा नाही, माहीत आहे.)

अर्धवट_वैमानिक (खारघर)

नेमकं चुकीचं उदाहरण घेतलंत राव!

पहिली दोन-अडीच वर्षं सगळे हेच म्हणत होते. दहा हजार तासांवर अनुभव असलेला माणूस असल्या खाडीत का शिरेल, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मग २०२० मध्ये रक्ताचे नमुने पुन्हा तपासले, या वेळी कार्बन मोनॉक्साइडसाठी. पायलटच्या रक्तात सापडला, दोन प्रवाशांच्याही. मग अवशेष नव्याने बघितले. इंजिनच्या धुराच्या नळीला तडे. इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीवर छोटी झाकणं असतात, त्यांचे बोल्ट गायब. तडा आणि भोक, दोन्ही एकत्र आले आणि धूर आत. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, निर्णय चुकतात, आणि आपण चुकतोय हे त्याच डोक्याला कळत नाही. केबिनमध्ये रंग बदलणारी स्वस्त पट्टी होती म्हणे, पण असल्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका, आवाज करणारं यंत्र बसवा, असं ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेने बजावलं. अंतिम अहवाल जानेवारी २०२१ चा.

म्हणजे वळवलं पायलटनेच. हात त्याचेच. पण रक्त दुसऱ्यांदा तपासलं नसतं तर ‘पायलटची चूक’ म्हणून फाईल बंद झाली असती आणि तसलेच बोल्ट गायब असलेली दुसरी बीव्हर विमानं उडत राहिली असती.

तांबडी_माती (डोंबिवली)

शब्द मागे घेतो. हे माहीत नव्हतं.

दिवाळे_नाखवा (बेलापूर)

पहिल्यापासून वाचतोय. विमानातलं आपल्याला कळत नाही, पाण्यातलं थोडं कळतं.

खाडीकाठ दादांनी टाकीचं लिहिलं ते आम्ही रोज बघतो. थंडीत पहाटे भरती भरून पाणी थांबतं ना, तेव्हा थिजलेल्या खोबरेलासारखं दिसतं. समोरची होडी पाण्यात आहे की हवेत, कळत नाही. नवीन पोरगा नांगर टाकताना हमखास फसतो. वारा सुटला, पाण्याला सुरकुती आली की सगळं जागेवर. आणि वारा कुठून येतोय बघायचा असेल तर काठ बघा. ज्या काठावरून वारा येतो त्या काठाला पाण्याचा गुळगुळीत पट्टा राहतो.

आता कुणी म्हणेल, ठाण्याच्या खाडीत विमान उतरवा. नकाशावर निळं दिसतं म्हणून ते पाणी नाही. उधाणाच्या ओहोटीला अर्ध्या खाडीचा चिखल उघडा पडतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, पाणी राहतं, पण मध्ये डोल जाळ्याचे खुंट आहेत, अर्धे पाण्याखाली. पावसाळ्यात ओंडके येतात, ते उभे तरंगतात, वर फक्त वीतभर डोकं. आमची लाकडी होडी फुटते त्यावर. वरून विजेच्या मोठ्या तारा, आणि थंडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो.

अर्धवट_वैमानिक (खारघर)

नाखवा, तो गुळगुळीत पट्ट्याचा मुद्दा सी-प्लेनवाल्यांना शब्दशः तसाच शिकवतात!

गुळगुळीत पाण्यावर उतरायची रीतही लिहून ठेवतो. पाणी किती खाली आहे ते डोळ्याने ठरवायचंच नाही, हीच सगळी रीत. काठाजवळून यायचं, म्हणजे झाडं, दगड यांवरून उंची कळते. साधारण २०० फुटांवर विमानाचं नाक उतरण्याच्या कोनात किंचित वर धरायचं, इंजिनाला थोडी ताकद ठेवायची, आणि मिनिटाला १५० फुटांपेक्षा जास्त वेगाने खाली यायचं नाही. मग पाणी आपोआप लागेल तेव्हा लागेल. मोह होतो की आता आलंच, नाक अजून उचलू. तिथेच घात. पाणी अजून वीस फूट खाली असेल तर वेग मरतो आणि विमान धपकन पडतं. उलट, पाणी लांब आहे समजून खाली दाबलं तर फ्लोटची टोकं घुसतात.

हिशेब करून बघा. २०० फूट, मिनिटाला १५०, म्हणजे ८० सेकंद. वेग ६० नॉट (ताशी सुमारे १११ किलोमीटर) धरला तर तेवढ्यात सुमारे अडीच किलोमीटर पुढे जातं. एवढं सरळ, मोकळं पाणी हवं. लहान तलावात मन मारून धीर धरणं जमत नाही, समोरची झाडं जवळ यायला लागतात. म्हणजे चूक पुन्हा आधीचीच, त्या पाण्यावर त्या वेळी उतरायचं ठरवलं तेव्हाची.

खाडीकाठ (ऐरोली)

भाच्याने आणखी एक सांगितलं होतं, लिहायचं राहिलं. पाणी लागल्यावर विमानाचं नाक वरखाली डुलायला लागतं कधी कधी, डॉल्फिनसारखं. पायलट प्रत्येक डुलकीला उलटा धक्का द्यायला जातो, पण त्याचा हात अर्ध्या क्षणाने उशिरा पोचतो, म्हणून प्रत्येक डुलकी आधीच्यापेक्षा मोठी. ताकद काढून घ्यायची, दांडा मागे ओढून धरायचा आणि गप्प बसायचं. “मामा, गप्प बसायलाच जास्त शिकावं लागतं,” म्हणाला.

आणि सकाळचं पहिलं काम फ्लोटमधलं पाणी पंपाने उपसायचं. प्रत्येक फ्लोटमध्ये निदान चार बंद कप्पे असतात. दोन भरले तरी विमान तरंगलं पाहिजे, असा नियम.

दिवाळे_नाखवा (बेलापूर)

म्हणजे आमच्यासारखंच. उजाडलं की आधी उपसा, मग चहा.

ऋता_घोडबंदर (ठाणे)

आता माझा स्वार्थी प्रश्न. डिसेंबरमध्ये आम्ही चौघं मालदीवला जातोय, मुलं अकरा आणि सात वर्षांची. रिसॉर्टला सी-प्लेननेच जायचंय. हा धागा वाचून नवरा म्हणतो, स्पीडबोट बघ. मला घाबरायचं नाहीये, पण बसताना काय बघायचं ते सांगा.

अर्धवट_वैमानिक (खारघर)

ताई, जरूर जा. तिथे हे विमान म्हणजे आपली एसटी. रोज, दिवसाउजेडी, दोन पायलट.

पण एक गोष्ट कळली तर बरं. पाण्यातल्या अपघातात माणसं बऱ्याचदा आपटून मरत नाहीत, बुडून मरतात. कॅनडात २००९ च्या नोव्हेंबरमध्ये सॅटर्ना बेटाजवळ एक बीव्हर पडलं. आठ जण होते, दोघं वाचले. बाकीचे सहा आतच बुडाले, चारपैकी दोन दारं अडकली होती. त्यानंतर तिथल्या तपास मंडळाने सांगितलं की, बाहेर ढकलता येतील अशा खिडक्या बसवा आणि प्रवाशांना अंगावर तरंगणारं जाकीट घालायला लावा.

तेव्हा: बसल्या बसल्या दाराचा दांडा कुठे आणि कसा फिरतो ते हाताने मोजून ठेवा, किती सीटा पुढे, डावीकडे की उजवीकडे. मुलं दोघांत वाटून घ्या, एकाकडे दोन नको. तरंगणारं जाकीट कुठे आहे, कसं घालायचं ते दाखवतील, नीट बघा. आणि जाकीट आत असताना फुगवायचं नाही, काही झालं तरी. १९९६ साली कोमोरोजवळ इथिओपियाचं अपहरण झालेलं विमान समुद्रात उतरवलं, तेव्हा कितीतरी लोकांनी आतच जाकिटं फुगवली. पाणी भरलं तशी ती छताला जाऊन चिकटली, खाली बुडी मारून दारापर्यंत जाता येईना.

दिवाळे_नाखवा (बेलापूर)

यावर माझा अनुभव. सतरा-अठरा वर्षांचा होतो. उरणच्या बाजूला लाटेने होडी पलटी, मी खाली. डोळे उघडे पण काळोख, आणि वर कुठलं, खाली कुठलं काही समजेना. पोहायला तर जन्मापासून येतं. मी जोरात हात मारले ते खालच्या दिशेने, चिखल हाताला लागला तेव्हा कळलं. त्यात नशिबाने डावा हात होडीच्या काठावर होता, तो सोडला नव्हता. त्या काठाला धरून सरकत बाहेर आलो. नंतर आजा म्हणाला, काठ सोडला असतास तर पोहणं येऊन उपयोग नव्हता.

अर्धवट_वैमानिक (खारघर)

अंगावर काटा आला नाखवा. सी-प्लेनवाल्यांचं पाण्याखालचं प्रशिक्षण हेच असतं. खुर्चीत बांधून पाण्यात उलटं करतात. एक हात दाराच्या दांड्यावर किंवा खिडकीच्या चौकटीवर, हलणं थांबेपर्यंत थांबायचं, वाट मोकळी करायची आणि मग पट्टा सोडायचा. आधी पट्टा सोडला की माणूस आत तरंगायला लागतो आणि दिशा जाते. ताई, मुलांना एवढंच सांगा: पट्टा शेवटी.

रुळावरचा (कोपरी, ठाणे पूर्व)

दोन दिवस लिहिलं नाही, विचार करत होतो.

ऋताबाईंनी विचारलं त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. माझ्या नोकरीत एकदा, ठाण्याहून निघालेली शेवटून दुसरी गाडी, मी लाल सिग्नलच्या अलीकडे थांबलो. माझ्या मनाने नाही, गाडीने थांबवलं. मला तो पिवळा दिसल्याचंच आठवत नव्हतं. बटण मात्र दाबलेलं होतं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चौकशी आणि घरी. त्या जागी सिग्नल वळणामागे येतो, आणखी दोघांचं तसंच झालं होतं. हे मला निवृत्तीनंतर चहाच्या टपरीवर कळलं. तिघांनी तीन वेळा गिळलं.

चूक माझीच होती, हे आजही म्हणतो.

ऋता_घोडबंदर (ठाणे)

काका, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

(स्पीडबोट रद्द. सी-प्लेनच.)

तांबडी_माती (डोंबिवली)

अवांतर: खाडीकाठ काका, टाकीत त्या दिवशी पाणी भरलेलं होतं, तर मग टँकर मागवला होता त्याचं काय झालं? 😜

खाडीकाठ (ऐरोली)

मागवला. पैसेही दिले. तो विषय सोसायटीच्या सभेत दोन तास चालला, इथे नको. वॉचमनने झाकणापाशी खड्यांचा डबा ठेवलाय एवढं सांगतो.

भाच्याला धाग्यातलं वाचून दाखवलं. रुळावरच्यांचा प्रतिसाद त्याने पुन्हा वाचायला लावला. आणि नाखव्यांना निरोप आहे: पुढच्या महिन्यात तो पुन्हा येतोय, त्याला खाडी होडीतून बघायचीय, तीही गुळगुळीत पाण्यावर. न्याल का? आणि कधी यायचं?

दिवाळे_नाखवा (बेलापूर)

आणा की. पुनवेला नको, तेव्हा भरती दुपारी बाराच्या पुढे, वारा सुटलेला असतो. अष्टमीच्या आसपास या. पहाटे सहाला जेटीवर, पाणी भरत आलेलं असेल. स्वेटर घाला. आणि चपला गाडीतच ठेवा, चिखल आहे.